गावच्या वाचनालयासाठी निधी : छप्पर होईल हो, पण रोज दार कोण उघडणार?

रानमोगरा | 4 मे, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागेल त्याबद्दल आधीच माफी.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला. दोनशेच्या आसपास घरं, त्यातली निम्मी शिमगा आणि गणपती सोडले तर कुलूपबंद. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, शासनमान्य, ड वर्ग म्हणजे सगळ्यात लहान गटातलं. चिऱ्याची एक मोठी खोली आणि पुढे पडवी, बस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारभर आम्ही घरात दारं रेटून बसलो होतो आणि संध्याकाळी बाहेर येऊन बघतो तर वाचनालयाचं अर्धं छप्पर गायब, कौलांचा चुरा, वासे मोडलेले आणि कपाटांवर सरळ पाऊस पडतोय. चारेक हजार पुस्तकं होती. वीज पुढे महिनाभर नव्हती म्हणजे पंखा पण नाही, मग आम्ही सात-आठ जणींनी आमच्या पडव्यांमधे सुंभ बांधून त्यावर पुस्तकं पालथी घातली, पानांत पेपराचे तुकडे घालायचे, दर दोन तासांनी बदलायचे, काही तर चुलीच्या उबेला ठेवली. तरी हजारभर गेलीच. बुरशी धरली की काही करता येत नाही.

त्या वेळी मदत पुष्कळ आली, ताडपत्री, पत्रे, धान्य सगळं आलं. वाचनालयावर तात्पुरते पत्रे टाकले ते अजून तेच आहेत. पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही आणि एप्रिल-मेमधे बसवत नाही. आता सुताराकडून आणि गवंड्याकडून अंदाज घेतलाय, छप्पर, एका भिंतीची डागडुजी, वायरिंग आणि पडवी बंद करून मुलांसाठी अभ्यासिका असं मिळून 3 लाख 40 हजार.

पण माझा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आमच्या ग्रंथपाल ताई अनुदानातून मिळेल त्या मानधनावर काम करतात, ते किती असणार तुम्हीच विचार करा. त्यांची तब्येत आता बरी नसते. त्या नसतील त्या दिवशी वाचनालय बंद. नवीन छप्पर बांधून त्याखाली कुलूप लावायचं असेल तर वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नाही. मी गेल्या वर्षी कमिटीत सेक्रेटरी झाले, मला यातलं काहीच माहीत नव्हतं, अजूनही थोडंच कळतं. ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी प्लीज लिहा. पैसे कुठून, कागद काय लागतात आणि माणसं कशी जमवायची.

---

खतावणी | 5 मे, सकाळी 7:20

ताई, आधी कागद बघा, बाकी सगळं नंतर. मी पुण्यात ट्रस्टची ऑडिटं करतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे हेच पहिलं डोळ्यापुढे येतं.

वाचनालय शासनमान्य आहे म्हणजे संस्था नोंदणी 1860 च्या कायद्याखाली आणि न्यास नोंदणी 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली असणारच. आता बघायचं काय तर धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत. नव्वद टक्के गावांत तिथे वारलेल्या माणसांची नावं निघतात. कमिटी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि तो कोणी दिलेला नसतो, मग बँक सह्या बदलून देत नाही आणि सगळं तिथेच अडतं. तुमचं नाव वर चढलंय का ते उद्याच बघा.

दुसरं ऑडिट. 31 मार्चला वर्ष संपलं की सप्टेंबरअखेर ऑडिट होऊन रिपोर्ट धर्मादायकडे गेला पाहिजे. तीन वर्षांचे रिपोर्ट हातात असतील तर बाहेरच्या कोणाकडेही मान वर करून जाता येतं.

तिसरं 12ए आणि 80जी, म्हणजे आयकर सवलतीच्या नोंदण्या. लहान संस्था हे करतच नाहीत कारण वाटतं की आपल्याला कशाला. पण हे नसेल तर कंपनीचं दारही उघडत नाही. 80जी असलं की देणगीदाराला देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, मर्यादेत, आणि ती जुन्या कर पद्धतीतच, नव्या पद्धतीत मिळत नाही हे लोकांना आधीच सांगा नाहीतर मार्चमधे शिव्या खाल. 2 हजारांच्या वर रोख दिले तर वजावट नाही, चेक नाहीतर ऑनलाइन. आणि वर्ष संपल्यावर 31 मे च्या आत संस्थेने फॉर्म 10बीडी भरायचा, त्यातून दात्याला 10बीई सर्टिफिकेट जातं. नुसत्या पावतीवर आता भागत नाही. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये फी लागते, लहान संस्थेचं कंबरडं मोडतं त्यात.

आणि हात जोडून एक सांगतो, क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. खजिनदाराच्या पर्सनल जीपेवर एक रुपया घेऊ नका, तो देवमाणूस असला तरी. त्याच्यासाठीच सांगतोय.

---

रानमोगरा | 5 मे, दुपारी 2:05

खतावणी दादा, खूप आभार. आत्ता फाईल काढून बसलेय. परिशिष्टावर सात नावं आहेत त्यातले चार जण हयात नाहीत. माझं नाव अर्थात नाहीये. ऑडिट दरवर्षी होतं कारण त्याशिवाय अनुदानच मिळत नाही, तेवढं बरं. 80जी नाही.

पर्सनल खात्याचं बोललात ते अगदी वर्मी लागलं. वादळानंतर एका कामासाठी जमलेले पैसे एकाच्या खात्यात गेले होते, माणसाने खाल्ले नाहीत, खर्च सगळा झाला पण हिशोब कागदावर नव्हता. त्यावरून दोन वाड्या अजून एकमेकींशी नीट बोलत नाहीत. पाच वर्षं झाली. यंदा पालखीच्या वेळी सुद्धा तो विषय निघाला.

---

स्पष्ट_बोलतो | 5 मे, रात्री 9:31

राग मानू नका ताई, पण विचारतो. वाचतंय कोण आता? माझ्या गावात पण वाचनालय आहे, चार म्हातारे पेपर वाचायला येतात, ते पण आता मोबाईलवर वाचतात. 3 लाख 40 हजारात गावातल्या मुलांना कॉम्प्युटर घेऊन द्या, किंवा पिण्याच्या पाण्याचं बघा. लोक भावनेने वर्गणी देतात आणि पाच वर्षांनी तिथे मंडळाच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून बोलतोय.

---

रानमोगरा | 5 मे, रात्री 11:16

राग नाही आला. खुर्च्यांचं खरं आहे, आमच्या शेजारच्या गावात तसंच झालंय.

पण कोण येतं ते सांगते. सकाळी पेपरवाले येतात, बरोबर. दुपारी साडेतीनला शाळा सुटली की पोरं येतात, गोष्टीची पुस्तकं जमिनीवर पसरून बसतात कारण खुर्च्या सहाच आहेत. आठ-दहा बायका आहेत ज्या आठवड्याला एक पुस्तक नेतात, त्यातल्या एकीचं शिक्षण चौथी आहे आणि तिने गेल्या तीन वर्षांत कादंबऱ्यांचं अख्खं कपाट संपवलंय, मी रजिस्टरात बघितलं. आणि संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी चार मुलं आणि एक मुलगी. तिच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं आणि टीव्ही. तिला अभ्यासाला बसायला दुसरी जागाच नाही हो. संध्याकाळी सहाला ग्रंथपाल ताई घरी जातात तेव्हा ती पडवीत मोबाईलच्या उजेडात बसते, डास खात. मी हे बघितलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. पाण्याचं बघणारे गावात आहेत, ते बघतायत. हे बघणारं कोणी नाही.

---

ग्रंथपाल_निवृत्त | 6 मे, सकाळी 6:48

स्पष्ट बोलतो यांस, आपण म्हणता ती स्थिती अनेक ठिकाणी आहे, पण तिचं कारण वाचक संपले हे नाही, वेळ संपली हे आहे. वाचनालय उघडं असण्याची वेळ आणि वाचक मोकळा असण्याची वेळ एक राहिलेली नाही. मी एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यात ग्रंथपाल होतो. आम्ही सकाळी आठ ते अकराची वेळ बदलून संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ केली तेव्हा सहा महिन्यांत सभासद दुप्पट झाले. पुस्तक एक पण नवीन घेतलं नव्हतं.

रानमोगरा ताई, तुमच्या जिल्ह्याला तर मोठी परंपरा आहे, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुन्यातलं. तेही लोकवर्गणी आणि लोकांच्या कष्टांवरच एवढी वर्षं उभं आहे. ग्रंथालय कायदा आला 1967 ला, म्हणजे शासनाच्या अनुदानाच्या कितीतरी आधी लोकांनी ही वाचनालयं चालवलीच होती.

अनुदानाबद्दल. ड वर्गाला वर्षाला 30 हजार मिळायचे, 2022 च्या नोव्हेंबरात 60 टक्के वाढ झाली तेव्हा त्याचे 48 हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याला 4 हजार. त्यात पगार, पुस्तकं, पेपर, वीज, ऑडिट. बरं ते पण हप्त्यांनी येतं, वर्षाच्या शेवटी-शेवटी. तोवर पेपरवाल्याचं बिल कमिटीतलं कोणीतरी खिशातून भरतं, सगळीकडे तसंच आहे. म्हणून ग्रंथपालाला दोष देऊ नका कधी. (तुम्ही देत नाही आहात, दिसतंय. पण गाव देतं.)

पुस्तकांसाठी पैसे गोळा करू नका. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान आहे कलकत्त्याला, 1972 सालचं, त्यांच्या योजनांतून शासनामार्फत ग्रंथ मिळतात. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, ते अर्जच कोणी करत नाही. आणि लोक जुनी पुस्तकं द्यायला येतील तेव्हा आधी यादी मागा. गठ्ठे घेऊ नका. जुन्या गाईडांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे, त्यातूनच वाळवी येते.

---

निळी_शाई | 6 मे, दुपारी 12:40

मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे कंपनीने समाजकामावर करायचा खर्च बघणाऱ्या विभागात, काम करते (नाव नको) तर त्या बाजूने लिहिते.

कंपनी कायद्याचं 135 कलम 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटींच्या वर किंवा उलाढाल 1000 कोटींच्या वर किंवा नफा 5 कोटींच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. कशावर करायचे त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि त्यात सार्वजनिक वाचनालय उभारणं हे स्पष्ट लिहिलंय. हे वाक्य तुमच्या अर्जात टाकाच. कायदा असंही म्हणतो की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणजे तुम्ही मुंबईच्या मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा खेडजवळच्या लोटे परशुराम एमआयडीसीतल्या कंपन्यांना विचारा. तिथल्या एचआरवाल्याला तुमचं गाव नकाशावर दाखवावं लागत नाही.

पण कागद. 12ए, 80जी, आणि 2021 च्या एप्रिलपासून सीएसआर-1 ची नोंदणी, त्याशिवाय कंपनी तुम्हाला पैसे देऊच शकत नाही, इच्छा असली तरी. त्यात जागा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न हमखास येतो. सातबारा नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा संस्थेच्या नावाने आहे का?

आता मनातलं लिहिते. आमच्याकडे वर्षाला शेकडो अर्ज येतात, त्यातले बहुतेक इमारतीचे असतात. आणि आम्ही इमारतीला हो म्हणतो कारण फोटो निघतो, फलक लागतो, मार्चच्या आत खर्च दाखवता येतो. पगाराला आम्ही हो म्हणत नाही. मी तीन वेळा आतून प्रयत्न केला, एका गावच्या अभ्यासिकेला दोन वर्षांचं मानधन द्या म्हणून, तिन्ही वेळा वर गेल्यावर ते कापलं गेलं आणि त्याऐवजी टेबलं आली. टेबलं आहेत तिथे, धूळ खात. म्हणून तुम्ही धाग्याच्या नावातच जो प्रश्न विचारलाय ना, तो वाचून मला बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं. कंपनीकडून छप्पर घ्या. दार उघडायचे पैसे गावातूनच उभे करा, ते बाहेरचं कोणी देणार नाही.

---

रानमोगरा | 6 मे, दुपारी 3:22

निळी शाई, तुम्ही हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे लोक येऊन गेले होते, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढले, आम्ही चहा-पोहे केले, पुढच्या महिन्यात कळवतो म्हणाले. नंतर फोन उचलला नाही. मुलं अजून विचारतात ते काका कधी येणार. आता कळतंय की कदाचित आमच्याकडे कागदच नव्हते म्हणून असेल, पण मग तसं सांगायचं ना.

जागा : मूळ मालकाने 1960 च्या सुमाराला तोंडी दिलेली. नमुना आठला वाचनालयाचं नाव आहे, सातबारा अजून त्यांच्याच कुटुंबाच्या नावे. त्यांचे नातू बोरिवलीला असतात.

---

खतावणी | 6 मे, संध्याकाळी 6:10

नातवांना भेटा. बक्षीसपत्र करून घ्या, त्याच्या आधी त्या जागेवर 3 लाख घालू नका. तोंडी शब्द देणारा माणूस गेला की शब्द पण जातो असं नाही, पण पुढच्या पिढीत वाटण्या होतात आणि मग पाच जणांच्या सह्या लागतात. आत्ता गोडीत आहे तोवर करा.

---

चाकरमानी_परळ | 6 मे, रात्री 11:48

आमचं गाव गुहागरचं पण सगळी कथा तीच. मी आमच्या मुंबई मंडळाचा बारा वर्षं खजिनदार होतो.

वर्गणीचं गणित सांगतो. गावच्या मंडळाने घरटी वर्गणी लावायची ही आपली जुनी पद्धत, पण ती देवळाला चालते, वाचनालयाला चालत नाही. देवळाची वर्गणी चुकवली तर माणसाला लाज वाटते, वाचनालयाची चुकवली तर काही वाटत नाही. जबरदस्ती केलीत तर देतील पण पुढच्या वर्षी दार लावून घेतील. म्हणून आम्ही ऐच्छिक ठेवली. मुंबईत नमनाचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याचा, प्रयोग लावायचो, पूर्वी परळच्या दामोदरला, ते नाट्यगृह 2023 मधे पुनर्बांधणीसाठी बंद झालं. गावची पोरं येऊन नमन करायची, गण, गवळण, वगनाट्य, सगळं, आणि मुंबईची माणसं तिकीट काढून बघायची. तिकिटातून हॉलचं भाडं, बस आणि जेवण एवढंच सुटतं, खरा पैसा स्मरणिकेच्या जाहिरातीत असतो. दुकानदार, बिल्डर, पोळीभाजी केंद्रवाले, क्लासवाले, मागायला जायची तयारी पाहिजे. आम्ही एका वर्षी चाळीस पानांची स्मरणिका काढली आणि त्यातून शाळेची पूर्ण कंपाउंड वॉल झाली. रविवारचे रविवार गेले हो, डोंबिवली, नालासोपारा, दिवा, लोकल पकडून पाचशे-हजाराच्या जाहिराती. पण त्या फिरण्यात जी माणसं जोडली गेली ती अजून फोन करतात.

आणि हिशोब गणपतीत पाचव्या दिवशी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागेवर, मोठ्याने वाचायचा. प्रत्येक पावती नंबरासकट. दीड तास लागतो, पोरं कंटाळतात, तरी वाचायचा. आमच्याकडे त्यानंतर कधी पैशावरून भांडण झालं नाही.

---

दोहाकर | 7 मे, रात्री 1:15

मी दापोली तालुक्यातलाच, अठरा वर्षं कतारला आहे. इथून पाठवायचं मनात असतं पण कोणीतरी सांगतं की परदेशातून संस्थेला पैसे घेता येत नाहीत, एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी लागते. हे खरं का? आमच्या पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, सगळे मिळून महिन्याला काहीतरी नक्की देऊ. मी त्या वाचनालयात नाही पण आमच्या गावच्या वाचनालयात बसून इंग्लिश डिक्शनरी पाठ करायचो, तेवढ्यावर इथे आलो.

---

खतावणी | 7 मे, सकाळी 7:05

दोहाकर, तुमचा पासपोर्ट भारतीय आहे ना? मग तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत, एफसीआरए लागत नाही. एनआरई-एनआरओ खात्यातून सरळ संस्थेच्या खात्यात पाठवा आणि पासपोर्टची प्रत संस्थेच्या फाईलला द्या, उद्या कोणी विचारलं तर हाताशी असावी. ज्यांनी नागरिकत्व बदललंय, ओसीआय कार्डवाले, त्यांचे पैसे मात्र परदेशी देणगी होतात, ते एफसीआरए नोंदणीशिवाय अजिबात घेऊ नका, पाचशे रुपये पण नाही. आणि अशा मंडळींनी भावाच्या खात्यावर पाठवून त्याच्याकडून द्यायचे हा रस्ता सुचवला तर नाही म्हणा.

---

माणदेशी | 7 मे, दुपारी 1:30

पैशाचं बरंच झालं, मी माणसांचं बोलतो. आमच्या भागात पाणी फाउंडेशनचा वॉटर कप झाला, म्हणजे पाणी अडवायच्या कामांची गावागावांतली स्पर्धा, 2016 ला पहिल्यांदा तीन तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि आमच्या साताऱ्याचं कोरेगाव, तेव्हा कोरेगावच्या वेळू गावाने पहिला नंबर काढला. ते बघून पुढच्या वर्षी आमचं गाव उतरलं. पहिल्या दिवशी पहाटे किती माणसं आली असतील श्रमदानाला? अकरा. बाराशे वस्तीचं गाव. आम्ही ठरवलं कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत, कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं नाही, फक्त रोज त्याच वेळेला तिथे असायचं. आठव्या दिवशी साठ. वीसाव्या दिवशी म्हाताऱ्या बाया पाट्या घेऊन यायला लागल्या, त्यातली एक म्हणाली मला खोदता येत नाही पण मी पाणी वाढते. तिला पाणी वाढायचं काम दिलं आणि ती पंचेचाळीस दिवस एकदाही चुकली नाही.

त्यातनं शिकलो ते हे की माणसाला मदत कर म्हणून सांगितलं तर तो हो म्हणतो आणि येत नाही, पण मंगळवारी साडेपाच ते साडेसात तू, चावी तुझ्याकडे, असं सांगितलं तर येतो. ताई तुम्ही स्वयंसेवक पाहिजेत असा फलक लावू नका. वार आणि तास लिहून सात रकाने काढा आणि एकेकाकडे जाऊन फक्त एक रकाना मागा.

---

मधली_सुट्टी | 7 मे, रात्री 8:55

माणदेशी यांना +1.

मी कॉलेजात शिकवते, राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते सहा वर्षं. एनएसएसच्या मुलांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, दत्तक गावात. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, आसपास कॉलेजं आहेत, तिथल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र द्या. पण एक कळकळीची विनंती, मुलांना भिंती रंगवायला लावू नका. दर शिबिरात भिंतीच रंगवतात. त्यांना पुस्तकांची नोंद कॉम्प्युटरवर करायला द्या. चाळीस मुलं सात दिवसांत तीन हजार पुस्तकं सहज करतील, आणि त्यात त्यांच्या हातून प्रत्येक पुस्तक एकदा जाईल, दोन-चार जण तरी त्यातलं एखादं उघडतील. मुलांची झोपायची सोय शाळेत, जेवण वाडीवाडीने एकेक दिवस. हे आधी ठरवा, जेवणावरून शिबिरं फिसकटतात.

---

स्पष्ट_बोलतो | 8 मे, सकाळी 10:12

त्या पडवीत बसणाऱ्या मुलीचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही. मी आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही, खुर्च्या ठेवलेल्या बघितल्यात मी. पण एक सुचवतो. 3 लाख 40 हजार जमायची वाट बघू नका. पडवीत एक ट्यूबलाइट, एक पंखा आणि डासांची जाळी, याला किती लागतील? 6-7 हजार? ते मी देतो. 80जी नको, पावती मात्र द्या.

---

रानमोगरा | 8 मे, सकाळी 10:40

दादा... काय बोलू. संस्थेचा खाते नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पावती आजच फाडते, नवीन पावती पुस्तकातली पहिली.

---

रानमोगरा | 19 जून, रात्री 9:25

धागा वर काढतेय, काय काय झालं ते सांगायला. वीज तीन दिवस येऊन-जाऊन होती म्हणून उशीर.

पडवीत लाइट, पंखा, जाळी झाली. 6 हजार 850 लागले. बिलाचा फोटो स्पष्ट बोलतो दादांना पाठवलाय.

बदल अर्जासाठी मयत विश्वस्तांचे दाखले जमवले, त्यांच्या घरच्यांनी लगेच दिले, एका आजींनी तर नवऱ्याचा 1974 च्या सभेचा फोटो पण दिला, तो फ्रेम करून लावणार आहोत. अर्ज ऑनलाइन भरला, आता तारीख पडेल. बोरिवलीच्या नातवांकडे मी आणि आमचे अध्यक्ष काका जाऊन आलो. घाबरत गेलो होतो. त्यांनी जेवायला बसवलं आणि मोठा नातू म्हणाला आजोबांनी दिलंय ते दिलंय, गणपतीला येतो तेव्हा दापोलीला रजिस्टरला जाऊ. खतावणी दादांचं ऐकून गेलो म्हणून हे झालं, नाहीतर आम्ही आपले छप्पर बांधून मोकळे.

छपरासाठी लोट्याच्या दोन कंपन्यांना अर्ज करायचाय पण 12ए-80जी झाल्याशिवाय नाही, ते सुरू केलंय. यंदाचा पावसाळा पत्र्याखालीच. प्लास्टिक अंथरलंय कपाटांवर.

आणि दाराचं. मी माणदेशी दादांसारखं रकाने काढले. सोमवार ते रविवार, संध्याकाळी सहा ते साडेआठ. बारा जणांकडे गेले. सोमवार निवृत्त पोस्टमन काकांनी घेतला. मंगळवार माझा. बुधवार ती चौथी शिकलेली मावशी, ती म्हणाली मला रजिस्टर लिहिता येईल ना ग, म्हटलं तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलंय. गुरुवार-शुक्रवार भरतीची मुलं आलटून पालटून. शनिवार-रविवार अजून रिकामे आहेत. सकाळचं ग्रंथपाल ताईच बघतात आणि आता त्यांना संध्याकाळची धावपळ नाही.

महिन्याचे दाते : 200 रुपये महिना, यूपीआयचं ऑटोपे लावून. दोहाकर दादांचा ग्रुप धरून आत्तापर्यंत 31 जण. म्हणजे 6 हजार 200. त्यातून ताईंच्या मानधनात महिना अडीच हजारांची भर घालायचा ठराव कमिटीने केला, बाकी वीज, पेपर आणि थोडी शिल्लक. पहिल्या महिन्याचं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या जास्त आलंय.

---

खतावणी | 20 जून, सकाळी 7:12

वाचून फार बरं वाटलं ताई. दोन गोष्टी. मानधनवाढीचा ठराव इतिवृत्तात सूचक-अनुमोदकासकट लिहा. आणि दात्यांपैकी कोणी कायम निधीसाठी मोठी रक्कम देतो म्हणाला तर त्याच्याकडून तसं पत्र घ्या, कॉर्पससाठी म्हणून लेखी असेल तरच ती तशी धरली जाते. पत्र नसेल तर ती साधी देणगी. पॅन सगळ्यांचे आत्ताच घेऊन ठेवा, 80जी मिळेल तेव्हा पळापळ नको.

---

मधली_सुट्टी | 20 जून, दुपारी 4:30

शिबिरासाठी डिसेंबर-जानेवारी धरा. पत्र ऑगस्टमधेच द्या, सप्टेंबरात कॉलेजचं गाव ठरून जातं. पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यनि करा, माझ्याकडे आहे.

---

चाकरमानी_परळ | 20 जून, रात्री 10:58

ताई, गणपतीत मी गुहागरला जाताना तुमच्याकडे येईन. मग दाभोळहून फेरीबोटीने पुढे. पाचव्या दिवशी हिशोब वाचणार असाल तर कळवा, पहिल्या वर्षी बाहेरचा एक माणूस बसलेला असला की वाचणाऱ्याचा आवाज चढतो. आणि शनिवारच्या रकान्यासाठी तुमच्या मुंबई मंडळात विचारा, कोणीतरी नुकताच रिटायर होऊन गावी आलेला असेल. असतोच.

---

रानमोगरा | 21 जून, संध्याकाळी 8:47

दादा नक्की या, जेवायला आमच्याकडेच.

शनिवार भरला. त्या मुलीच्या वडिलांनी घेतला, ट्रॉलरवर असतात, पण आता दर्या बंद आहे (पावसाळ्यातली मासेमारी बंदी) जुलैअखेरपर्यंत तोवर ते, मग तिची आई. आत्ता मी वाचनालयातूनच टाइप करतेय, पत्र्यावर पाऊस एवढा आहे की कोणाला काही ऐकू येत नाहीये, सहा जण बसलेत. रविवार रिकामा आहे. दापोलीच्या आसपासचं कोणी वाचत असेल आणि वाळवीवर औषध मारणारा भरवशाचा माणूस माहीत असेल तर सांगा, तिसऱ्या कपाटाच्या मागे माती दिसतेय.